नाव राजाचं, नाच गोदीवाल्यांचा

चार्ल्सटन हा शब्द आपल्याकडे कानावर पडतो तो बहुधा नाचाच्या निमित्तानं. झालरी लावलेले आखूड झगे, मानेपर्यंत कापलेले केस, गुडघे आतबाहेर करत चाललेला धुमाकूळ. अमेरिकी सिनेमानं हे दृश्य इतक्यांदा दाखवलंय की हा नाच म्हणजे १९२०च्या दशकातल्या पैसेवाल्या गोऱ्या तरुणांची चैन, असं आपण धरूनच चालतो. ज्या शहरावरून त्याला नाव मिळालं, त्या शहराकडे सहसा कुणी वळत नाही. वळलंच, तर नकाशावर एकाला तीन चार्ल्सटन सापडतात. एक साउथ कॅरोलायनातलं अटलांटिककाठचं जुनं बंदर, दुसरं वेस्ट व्हर्जिनिया राज्याची डोंगरांमधली राजधानी आणि तिसरं इलिनॉयमधलं लहानसं गाव.

हे पुस्तक या नावाच्या मागावर निघालेलं आहे. ते लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली, ती इथेच सांगून टाकतो. पहिल्या दोन शहरांना हे नाव दिलं ते जमिनीचे कागद हातात असलेल्यांनी, आपल्या राजासाठी किंवा बापासाठी. नाचाला ते मिळालं ते शहर सोडून पोटामागं गेलेल्या काळ्या हमालांमुळे. आणि आज जगाला ठाऊक आहे ते या हमालांचं चार्ल्सटन.

सुरुवात बंदरापासून करावी लागते. १६७० मध्ये इंग्रज वसाहतवाल्यांची पहिली तुकडी ॲशली नदीच्या पश्चिम काठावर उतरली आणि वस्तीला आपल्या राजाचं, दुसऱ्या चार्ल्सचं, नाव देऊन मोकळी झाली : चार्ल्स टाउन. दहा वर्षांनी ही वस्ती दोन नद्यांमधल्या द्वीपकल्पावर हलली. राजा स्वतः तिकडे कधी फिरकला नाही. त्यानं ही वसाहत मर्जीतल्या आठ बड्यांना बहाल केली होती. त्यांतल्या अँथनी ॲशली कूपर या एकाच इसमाचं नाव दोन नद्यांना वाटून दिलं गेलं, एक ॲशली आणि दुसरी कूपर. या दोन नद्या मिळाल्या की त्यांचा अटलांटिक महासागर होतो, अशी थट्टा तिथले लोक आजही करतात. गावाला स्वतःबद्दल काय वाटतं, ते त्यात आलं. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली, राजा गेला. १७८३ मध्ये चार्ल्स टाउनचं अधिकृतपणे चार्ल्सटन झालं. नाव जरा आखडलं, पण राजा काही त्यातून निघाला नाही.

या गावाची श्रीमंती भाताची. किनाऱ्यालगतच्या दलदलीत भरती-ओहोटीच्या पाण्यावर भात पिकवायचा, तर बांध घालणं, पाणी अडवणं, सोडणं हे सगळं कळणारी माणसं हवीत. ती माणसं पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून साखळ्या घालून आणली गेली. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी सुमारे ४० टक्के याच बंदरातून आत आले, असं अभ्यासक मानतात. बंदराच्या तोंडाशी असलेल्या सलिव्हन्स बेटावर त्यांतल्या अनेकांना आधी रोगराईच्या भीतीनं वेगळं ठेवत आणि मग शहरात विकायला आणत. मालकांनी त्यांचे हात विकत घेतले खरे, पण भाताचं सगळं ज्ञान त्या हातांसोबत आयतं पदरात पडलं. जमाखर्चाच्या वह्यांत त्याची नोंद कुठेच नाही.

त्या ज्ञानाची एक वस्तू अजून पाहायला मिळते. चार्ल्सटनच्या जुन्या बाजारात गवताच्या टोपल्या विणणाऱ्या बायका बसलेल्या असतात. स्वीटग्रास नावाच्या सुवासिक गवताची बोटाएवढी जाड वळी करायची, ती गोल गोल फिरवत न्यायची आणि ताडाच्या जातीच्या पामेटो झाडाच्या पट्टीनं आधीच्या फेऱ्याला शिवत जायची. शिवायला सुई नसते. जुन्या चमच्याचं तोंड कापून टाकतात आणि दांडा घासून टोकदार करतात, त्यानं भोक पाडून पट्टी ओवतात. आज त्या टोपल्या पर्यटक महागात घेतात आणि दिवाणखान्यात टांगतात. पण मूळचा मोठा, पसरट, उथळ नमुना भात पाखडायचा. आपल्या सुपाचंच काम, फक्त घाट गोल. नाचाच्या पुस्तकात टोपली कशाला, असं वाटेल. मात्र आफ्रिकेतून आलेली हातांची सवय इथं पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही. पायांच्या सवयींबद्दल बोलायचं तर आधी हा हाताशी असलेला बरा.

कारण पायांचा पुरावा मालकांनीच पुसायचा प्रयत्न केला. सप्टेंबर १७३९ मध्ये चार्ल्स टाउनच्या नैर्ऋत्येला स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला. बंदुका लुटून, ढोल वाजवत ते दक्षिणेकडे निघाले. तिकडे स्पॅनिश फ्लोरिडात पोचलं की स्वातंत्र्य मिळेल, अशी आशा होती. वाटेत आणखी माणसं मिळत गेली आणि ढोल त्यांना बोलावत राहिले. उठाव त्याच दिवशी मोडून काढला गेला. १७४० मध्ये वसाहतीनं कडक कायदा केला. गुलामांनी एकत्र जमण्यावर, लिहायला शिकण्यावर आणि ढोल, शिंगं असली मोठ्या आवाजाची वाद्यं वाजवण्यावर बंदी आली.

इथे एक मोह आवरायला हवा. ढोल काढून घेतले म्हणून लोकांनी अंगाचा ढोल केला आणि त्यातून चार्ल्सटन जन्माला आला, असं सरळ गणित अनेकजण मांडतात. ते ऐकायला छान आहे, पण इतिहास इतका आज्ञाधारक नसतो. टाळ्या, मांड्यांवरचे ठोके, जमिनीवर आपटलेली टाच हे सगळं आफ्रिकेतही होतंच आणि बंदी नसलेल्या ठिकाणीही टिकलं. खात्रीनं सांगता येतं ते एवढंच, की चार्ल्सटनभोवतालच्या बेटांवर गला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांची स्वतःची बोली, स्वतःचा स्वयंपाक आणि प्रार्थनेची स्वतःची रीत तयार झाली. प्रार्थनाघरात ते वर्तुळ धरून, घड्याळाच्या उलट्या दिशेनं सरकत नाचत. एकजण काठीनं लाकडी जमिनीवर ठेका धरी आणि बाकीचे टाळ्या देत. पाय एकमेकांवरून गेले तर तो पापी नाच, आणि न ओलांडता सरकले तर उपासना, असा भेद होता. पुढे याच भागातल्या माणसांचे पाय जगानं पाहिले, तेव्हा हा भेद मागं पडलेला होता.

मध्येच मुंबईकडे वळणं भाग आहे. १२ एप्रिल १८६१च्या पहाटे चार्ल्सटन बंदराच्या तोंडावरच्या फोर्ट सम्टरवर तोफा सुटल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. चार्ल्सटनच्या तोंडाशी तर देवमाशांच्या शिकारीची जुनी जहाजं दगड भरून आणली आणि बुडवली. लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा त्या आपल्याकडच्या कापसाकडे वळल्या. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईतून जाऊ लागला आणि शहरात पैसा मावेनासा झाला. बॅक बे भरून काढायच्या कंपनीच्या शेअरसाठी लोक वेडे झाले. १८६५च्या वसंतात युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि बँका, कंपन्या एकामागून एक बसल्या. राजाबाई टॉवरचा देणगीदार प्रेमचंद रायचंद याच तेजीत वर चढला होता आणि याच मंदीत खाली आला. फोर्टातून जाताना तो मनोरा दिसला की चार्ल्सटनच्या तोफा आठवाव्यात, इतका हा धागा थेट आहे. तो आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसा भेटत नाही, म्हणून या पुस्तकात त्याला पूर्ण प्रकरण दिलं आहे.

युद्धानंतर गुलामगिरी कायद्यानं संपली, पण दैन्य संपलं नाही. त्यात १८८६च्या भूकंपानं शहर हादरलं, भाताची शेती बसत गेली आणि काळी माणसं बोटी पकडून उत्तरेला जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या पश्चिम अंगाला सॅन हुआन हिल नावाची काळ्यांची दाट वस्ती होती. तिथे ६२व्या रस्त्यावर एका तळघरवजा जागेला लोक ‘जंगल्स कसिनो’ म्हणत. कागदोपत्री ती नृत्यशाळा, कारण नाचघराचा परवाना मिळत नव्हता. १९१३च्या सुमारास तिथे पियानो वाजवायला न्यू जर्सीचा एक विशीही न गाठलेला मुलगा असे, जेम्स पी. जॉन्सन. गिऱ्हाईक बहुतेक चार्ल्सटन आणि भोवतालच्या बेटांवरचं. हे लोक गोदीत हमाली करत, नाहीतर दक्षिणेकडे ये-जा करणाऱ्या बोटींवर काम करत. जॉन्सननं पुढे आठवणी सांगितल्या आहेत. ही मंडळी शहरी पद्धतीचे नाच काही वेळ नाचत आणि मग कंटाळून गावाकडचं वाजव म्हणून ओरडत. त्यांची पावलं पाहून तो चाली बसवत गेला. अशा आठेक चाली त्यानं केल्या आणि त्यांना तो ‘चार्ल्सटन’च म्हणे. त्यांतली एक पुढे जगभर गेली.

ती गेली कशी, याचा भूगोल मला फार आवडतो. २९ ऑक्टोबर १९२३ रोजी ‘रनिन् वाइल्ड’ हा काळ्या कलावंतांचा संगीत-तमाशा न्यूयॉर्कच्या कलोनियल थिएटरात लागला. संगीत जॉन्सनचं, शब्द सेसिल मॅक यांचे, आणि ‘चार्ल्सटन’ हे गाणं एलिझाबेथ वेल्शनं गायलं. हे थिएटर ब्रॉडवे आणि ६२व्या रस्त्याच्या नाक्यावर होतं. म्हणजे गोदीवाल्यांच्या नाचघरातून ब्रॉडवेवर यायला त्या चालीला दहा वर्षं लागली, पण रस्ता बदलावा लागला नाही. गाणं सुरू झालं की सगळा भार वाद्यवृंदावर नसे, कारण रंगमंचावरची मंडळी स्वतःच टाळ्या देत आणि पाय आपटून ठेका धरत. जेम्स वेल्डन जॉन्सन या काळ्या लेखकानं ते मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे. १७४०चा कायदा करणाऱ्यांना हे पाहायला मिळायला हवं होतं.

आता त्या ठेक्याबद्दल, कारण हे न समजता पुढचं काही समजणार नाही. केरव्याच्या आठ मात्रा बोटांवर मोजा. टाळी पहिल्या मात्रेवर द्या आणि मग थेट चौथीवर. बाकी सगळ्या मात्रा मोकळ्या सोडा. पुन्हा समेवर या. झाला चार्ल्सटनचा ठेका. दुसरी टाळी पाचव्या मात्रेवर यावी, असं कान म्हणत असतो आणि ती अर्धा श्वास आधीच येऊन पडते. ही घाई म्हणजेच तो नाच. पहिली, चौथी आणि सातवी अशा तीन टाळ्या दिल्या तर क्यूबापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत ओळखीचा असलेला ठेका होतो. चार्ल्सटननं त्यातली शेवटची टाळी गिळून टाकली आहे.

पावलं वरवर सोपी आहेत. डावा पाय पुढे, उजवा त्याच्याही पुढे नेऊन चवड्यानं नुसता टेकवायचा. मग उजवा मागे, डावा त्याच्याही मागे टेकवायचा. हात पायांच्या उलट दिशेनं झुलत राहतात. खरी गंमत टाचांची. प्रत्येक पावलाला चवड्यावर फिरून टाचा बाहेर, मग आत, त्यामुळे गुडघे एकमेकांना भेटतात आणि दूर जातात. शिकणारे गुडघे हलवायच्या मागं लागतात आणि फसतात. टाचा फिरल्या की गुडघ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. वाकून गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि गुडघे जवळ आले की हातांची अदलाबदल करायची, ही नुसती नजरबंदी. पण सिनेमात सगळ्यात जास्त तीच दिसते.

यानंतरचा प्रसार सर्वज्ञात आहे, म्हणून भरभर सांगतो. १९२५च्या ऑक्टोबरात नर्तकी जोसेफिन बेकरनं तो पॅरिसला नेला. टेक्सासमधली चार्ल्सटनची स्पर्धा जिंकून जिंजर रॉजर्स नावाची किशोरवयीन मुलगी रंगभूमीवर आली. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या १९२६च्या स्पर्धेत ल्यू ग्रेड जिंकला, जो पुढे ब्रिटिश टेलिव्हिजनचा सम्राट झाला. बॉस्टनमध्ये ४ जुलै १९२५ रोजी पिकविक क्लबची इमारत कोसळून ४४ माणसं मेली, तेव्हा खापर फुटलं ते नाचावर, आणि ठिकठिकाणी बंदी आली. खरा दोष शेजारच्या खोदकामाचा आणि आधीच्या आगीनं खिळखिळ्या झालेल्या इमारतीचा होता. पण नाचणाऱ्यांवर घसरणं सोपं असतं.

खुद्द चार्ल्सटनचा दावा वेगळा आहे. तिथे सांगतात ते जेंकिन्स अनाथाश्रमाच्या बँडबद्दल. डॅनियल जेंकिन्स या काळ्या पाद्र्यानं १८९१ मध्ये आश्रम काढला आणि खर्च भागवण्यासाठी मुलांना वाद्यं शिकवली. ही पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर वाजवत, एखादा चिमुरडा पुढे उभा राहून नाचत नाचत बँड चालवी आणि टोपी फिरे. गणवेश म्हणून अंगात सिटाडेल या सैनिकी शाळेचे टाकून दिलेले डगले. ही सिटाडेल मुळात उभी राहिली होती १८२२च्या डेनमार्क व्हीझीच्या कटानंतर, काळ्यांच्या उठावाच्या धास्तीनं बांधलेल्या शस्त्रागारातून. तिचे जुने कपडे घालून काळी अनाथ मुलं १९१४ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात वाजवून आली. हा नाच त्यांनीच जन्माला घातला, असं मी म्हणणार नाही. लोकनृत्याला एक बाप शोधणं व्यर्थ असतं. पण काउंट बेसीच्या बँडमधला गिटारवाला फ्रेडी ग्रीन आणि जॅबो स्मिथ, कॅट अँडरसनसारखे ट्रम्पेटवाले याच मुशीतले. नाच सोडला तरी जगाच्या संगीताला या आश्रमानं भरपूर दिलं आहे.

आपल्याकडे हे वारं आलं ते उशिरा. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या व्हायोलिनवाल्याचा काळ्या वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये गाजलेला त्याचा जुना ताफा सुरुवातीला ‘चार्ल्सटन बेअरकॅट्स’ या नावानं ओळखला जाई. ताजच्या आसपास जे वाजलं ते गोव्याच्या वादकांनी उचललं आणि त्यांच्या हातून ते सिनेमाच्या वाद्यवृंदात उतरलं. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ मध्ये, चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक पडद्यावरही दिसतो. भगवानदादांचा नाच म्हणजे चार्ल्सटन, असं कुणी म्हटलं तर ते मात्र खरं नाही. तोवर स्विंग येऊन गेलं होतं.

दुसऱ्या चार्ल्सटनशी आपलं नातं अधिक कडवट आहे. कनावा आणि एल्क नद्यांच्या संगमावरचं हे गाव क्लेंडेनिन घराण्यातल्या चार्ल्स या बापाच्या नावानं वसलं. तेही आधी चार्ल्स टाउनच होतं. राज्याची राजधानी बराच काळ इथून व्हीलिंगला, व्हीलिंगहून इथे अशी हिंडत होती. १८७७ मध्ये मतदान झालं, तेव्हा चार्ल्सटनच्या बाजूनं राज्यभर भाषणं देत फिरला तो बुकर टी. वॉशिंग्टन. त्यानं पोरवयात जवळच्या माल्डेनमध्ये मिठाच्या भट्ट्यांवर काम केलं होतं. मिठामागून इथे रसायनं आली. शहराला लागून इन्स्टिट्यूट नावाची वस्ती आहे, तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट तयार होत असे. भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री जे सुटलं, तेच. भोपाळनंतर कंपनीनं इथली यंत्रणा सुधारल्याचं सांगितलं. ११ ऑगस्ट १९८५ला इथे दुसऱ्याच एका वायूची गळती झाली आणि शंभरावर लोकांना उपचार घ्यावे लागले. कारखान्याच्या कुंपणाला लागून आहे ते मुळात काळ्या विद्यार्थ्यांसाठी काढलेलं महाविद्यालय. २०१४च्या जानेवारीत एल्क नदीत एका टाकीतून रसायन सांडलं, नळाच्या पाण्याला ज्येष्ठमधासारखा वास येऊ लागला आणि सुमारे तीन लाख लोकांना ते पाणी वापरता येईना. या गावाचा नाचाशी काडीचा संबंध नाही. तरी प्रकरण ठेवलं आहे, कारण चार्ल्सटन हे नाव भोपाळच्या कागदपत्रांत वाचणारा मराठी वाचक ते नाचाच्या गावाचं समजून बसतो.

इलिनॉयचं चार्ल्सटन दोन पानांत आटोपलं आहे. १८ सप्टेंबर १८५८ रोजी अब्राहम लिंकन आणि त्याचा राजकीय प्रतिस्पर्धी डग्लस यांचा चौथा जाहीर वादविवाद तिथे झाला. काळ्या-गोऱ्यांच्या सामाजिक समतेच्या बाजूनं आपण नाही, असं लिंकन त्या व्यासपीठावर बोलला, हे त्याच्या भक्तांना आजही अडचणीचं जातं.

बंदराच्या शहरानं अलीकडे जुन्या वह्या उघडल्या आहेत. २०१५ मध्ये इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ काळ्या माणसांची वर्णद्वेषातून हत्या झाली. २०१८ मध्ये नगर परिषदेनं गुलामगिरीतल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली. २०२३च्या जूनमध्ये, जिथे गुलामांची जहाजं लागत त्या गॅड्सडेन धक्क्यावर, आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं संग्रहालय खुलं झालं. इमारत खांबांवर उचललेली आहे, खालची जमीन मोकळी ठेवली आहे. नाचाच्या बाबतीत मात्र राज्याचा हिशेब निराळाच. साउथ कॅरोलायनानं १९८४ मध्ये अधिकृत राज्यनृत्य ठरवलं, ते चार्ल्सटन नाही. तो मान समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटनगावांत रुजलेल्या शॅग या नाचाला मिळाला.

जेम्स पी. जॉन्सन १९५५ मध्ये वारला. क्वीन्समधल्या त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २००९ मध्ये. ‘चार्ल्सटन’ या गाण्याचा अमेरिकेतला स्वामित्वहक्क २०१९च्या सुरुवातीला संपला, त्यामुळे आता ते तिथे कुणीही वाजवावं. वाचकांना विनंती एवढीच, की तिसऱ्या प्रकरणाआधी जॉन्सनचा पियानो ऐकून घ्या. त्यात डाव्या हाताच्या उड्यांबद्दल बरंच लिहिलं आहे आणि ते कोरडं वाचण्यात काही मजा नाही. इंग्लंडात ससेक्समध्येही चार्ल्सटन नावाचं एक शेतघर आहे. व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट या चित्रकारांनी भिंती-दारं रंगवून ते प्रसिद्ध केलं. त्याचा या राजाशी, बंदराशी किंवा नाचाशी काही संबंध नाही, म्हणून ते या पुस्तकात घेतलेलं नाही.